वकिलाचा कोट

सेलूजवळच्या शाळेत नववीच्या वर्गात ‘मोठेपणी कोण होणार?’ हा तास रंगला होता. बाईंनी मागून आणलेला वकिलाचा काळा कोट घालून अर्पिता बोलायला उभी राहिली, तेवढ्यात तिचा चुलता दारात आला. “चल घरी. बघायला पाहुणे आलेत. काढ तो कोट, साडी नेसायचीय.” अर्पिताच्या अंगाचा तिळपापड झाला. दहावीपर्यंत लग्नाचं नाव काढणार नाही, असं बापानं तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं. “बाबांना माहीत हाय?” “दादानंच धाडलंय.” तिनं कोटाची सगळी बटणं लावली. “मी येत न्हाई. मी पंधराची हाय. हा गुन्हा हाय.” “लय शिकलीस!” चुलत्यानं तिची बाही ओढली, शिवण टर्रकन उसवली. बाईंनी पोलिसांना फोन लावला. अर्पितानं हात झटकला. “काका, पाहुण्यांना चहा पाजा, बाबांनाही बसवून ठेवा. आमी फौजदारांना घेऊन येतोच.”