सातवी गिटार

“काका, ही गिटार आहे की किसणी?”

स्पृहाने डावा हात काउंटरवर ठेवला. तर्जनीच्या कडेला तीन बारीक ओरखडे होते. दुकानदार श्रीकृष्णरावांनी तिने आणलेला खोका जवळ ओढला. इलेक्ट्रिक गिटार, कोरी करकरीत. वीस दिवसांपूर्वीच नेलेली.

“मानेवरच्या पट्ट्या कडेला टोचतात. अन बारीक तार एका घरात नुसती झणझणते. पंधरा दिवसांवर गॅदरिंग आहे न माझं!”

“बदलून देतो, बेटा.”

“लवकर द्या हं, काका. नाहीतर मी टाळ वाजवीन.”

ती गेली. पुसदच्या बाजारातल्या त्या लहानशा दुकानात पंख्याचा आवाज तेवढा उरला. गणपतीच्या तसबिरीसमोरची उदबत्ती विझत आली होती. आज संकष्टी. श्रीकृष्णरावांचा उपास होता, आणि उपासाच्या दिवशी आवाज चढवायचा नाही असा त्यांचा नेम होता.

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेला अनिकेत आता बोलला. तो कंपनीचा माणूस. तक्रारी खऱ्या की खोट्या, ते पाहायला सकाळीच आला होता.

“अकरा विकल्या. सात परत. बाकी जिल्ह्यांत शंभरात एखादी येते.”

“म्हणजे लोक खोटं बोलतात?”

“लोक नाही. सहा सकाळी पाहिल्या, सातवी आत्ता; सातही खरंच बिघडलेल्या आहेत. प्रश्न एवढाच, की बिघडल्या कुठे? आमच्याकडून प्रत्येक गिटार तपासून, सील लावून निघते.” त्याने घड्याळ पाहिलं. “संध्याकाळी मला अहवाल पाठवायचाय. कारण सापडलं नाही, तर ही एजन्सी काढून घेतील.”

पेट्या आणि तबले आता वर्षाला दोन-चार जात. पायरी चढणारं पोर गिटारच मागत होतं. एजन्सी गेली, की दुकान गेलं.

“दुरुस्तीला कोण असतं?” अनिकेतने विचारलं.

“अमरसिंग. जवळच्याच तांड्यावरचा. त्याचा बाप बैलबाजारात जनावराची खोडी, काय खोट असेल ती, नुसत्या चालीवरून सांगायचा. हा पेटीला कान लावून सांगतो.”

“पेटीवाला. गिटारीतलं काय कळतं त्याला?”

श्रीकृष्णरावांना दोन महिन्यांपूर्वीचं आठवलं. अमरसिंग म्हणाला होता, “भाऊ, खोके विकाच्या आधी मले उघडू द्या.” त्यांनी साफ नाही म्हटलं होतं. सील म्हणजे सील. तेव्हा त्यांनी विचारलंही नव्हतं, की तुला खोके उघडायचे आहेत तरी कायले?

अमरसिंग चहा प्यायला गेला होता. अनिकेतने त्याचा खण ओढला. आत कानस होती. शेजारी खाकी चिकटपट्टीचं अर्धं संपलेलं रीळ, थेट कंपनीच्या खोक्यावर असते तसलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

अमरसिंग आला, तेव्हा खण उघडाच होता. तो दारातच थबकला.

“नव्या गिटारींचे खोके तू उघडत होतास?” श्रीकृष्णरावांनी हळू आवाजात विचारलं.

“हो, भाऊ.”

“कधी?”

“सकाळी. तुमी दुकानात याच्या आधी, झाडझूड झाली की. खालून उघडत होतो, अन पुन्हा चिकटवून ठेवत होतो.”

“आणि करत काय होतास?”

“खोडी काढत होतो.”

अनिकेतने पेनाचं टोपण काढलं. श्रीकृष्णरावांनी खण ढकलून बंद केला. नऊ वर्षं अमरसिंगच्या हातात दुकानाची किल्ली होती.

“तोंडावर सांगतोस?”

“तुमी इचारलं म्हणून सांगतो. सील तोडाचं नाही म्हणलं होतं तुमी. मी तोडलं. ते चुकलंच माझं.”

“काहून केलंस?”

“दुकानाचं नाव...”

“दुकानाचं नाव तुझ्या तोंडून नको.”

अमरसिंगने खिशातून घडी घातलेला कागद काढून काउंटरवर ठेवला. “ज्यायची खोडी काढली, त्यायचे नंबर लिहून ठेवले.”

अनिकेतने कागद उलगडला. “चारच?”

“चारच. बाकीच्यायले वेळ नाही भेटला. माल आला तसा निघून गेला.”

“चारांची कबुली मिळाली, तेही खूप झालं,” अनिकेत हसला. “उरलेल्या तिघींचं आम्ही समजून घेऊ.”

अमरसिंगला ते काही कळलेलं दिसलं नाही.

“उद्यापासून येऊ नकोस,” श्रीकृष्णराव म्हणाले. आवाज चढला नाही. तेवढा नेम पाळला गेला.

अमरसिंगने किल्ली ठेवली. जाता जाता दुरुस्तीतल्या पेटीकडे बोट केलं. “भाता आजच चिकटवला, भाऊ. वाळला की बसवजा. घाई नका करू.”

पाच वाजता अनिकेत लॉजवर गेला. सहाच्या सुमारास त्याचा निरोप आला: ‘अहवाल गेला. माल निर्दोष, बिघाड दुकानातल्या कारागिराने केला. त्याला काढल्याचं कळवलंय. एजन्सी पक्की. परत आलेल्या गिटारींचे नंबर तेवढे पाठवा.’

श्रीकृष्णरावांनी तसबिरीला हात जोडले. मग चष्मा लावला, सातही गिटारी ओळीने मांडल्या आणि अमरसिंगचा कागद शेजारी घेतला. त्याने कबूल केलेल्या चार गिटारींवर आधी खूण करावी, असं त्यांच्या मनात होतं.

पहिल्या गिटारीचा नंबर कागदावर नव्हता. दुसरीचाही नव्हता. सातवी स्पृहाची. तिचाही नव्हता.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग वॉरंटी कार्डांचा डबा काढला आणि एकेक कार्ड कागदाशी लावत गेले. दिग्रसचं गिऱ्हाईक. उमरखेड. पांढरकवडा. दारव्हा. कागदावरचे चारही नंबर सापडले, आणि त्या चारांपैकी एकही गिटार परत आलेली नव्हती.