दोघांपुरता ऑक्सिजन

मंगळावरच्या अकराव्या ठाण्यात आता हेमांगी एकटीच राहत होती. तिच्या नवऱ्याला, गिरिधरला, जाऊन बारा दिवस झाले होते.

मुख्य तळावरून दिघे रेडिओवर म्हणाला, "हेमांगीताई, तुमचं यंत्र अजून दोघांपुरता ऑक्सिजन बनवतंय. इथून ते कमी करायला सांगितलंय मला."

"दिवा विझेल."

यंत्र बाहेरच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड फोडायचं. ऑक्सिजन आत यायचा, विषारी कार्बन मोनॉक्साइड बाहेर जायचा. ठाण्यात तेल नव्हतं, म्हणून गिरिधर गेला त्या जागी तिने बंद काचेत बाहेर जाणारा तोच विषारी वायू पेटवला होता. निळी ज्योत गिरिधरच्या वाट्याच्या ऑक्सिजनवर जळत होती.

"जळून परत कार्बन डायऑक्साइडच होतो ना? मग फोडायचा कशाला, ताई?"

"गिरिधर तरी श्वास घेऊन दुसरं काय करत होता? उद्या तेरावा आहे, दिघे."

दिघे म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत थांबतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी हेमांगीने स्वतःच खटका दोनवरून एकवर आणला. ज्योत आखडत विझली. यंत्राची घरघर निम्मी झाली आणि तिला स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला.