ओवाळणीतला व्यायाम

भाऊबीजेला पदर खोचताना वृषालीचे सिक्स पॅक दिसले आणि तिच्या वहिनीच्या, शलाकाच्या, अंगाचा तिळपापड झाला.

गेल्या भाऊबीजेला मुकुंदने वर्षभराचा व्यायाम बहिणीला ओवाळणीत घातला होता. मनगटाच्या पट्ट्यात तिचं नाव घातलं की झालं. तेव्हापासून रोज पहाटे धावायचा, क्रंचेस मारायचा तो, आणि चरबी झडायची हिची. त्याचं पोट मात्र सुटलेलंच.

“घाम माझ्या नवऱ्याने गाळायचा आणि मिरवायचं तुम्ही, वन्सं!” शलाका फणकारली.

वृषाली चमकली. “अहो वहिनी, दादाची ओवाळणी मी आठवड्यातच परत केली. हे माझ्याच मेहनतीचं आहे.”

शलाकाने वळून पाहिलं. पाटावर बसलेला मुकुंद मनगटाच्या पट्ट्यावर झळकणारं तिसरंच नाव हळूच बाहीखाली सरकवत होता.