न भाजलेला राब

“पगे, वारा पाठीशी घेऊ नगं. समोरनं पेटव. राब दमानं भाजायचा.”

प्रगती फ्रॉकात होती तेव्हा पेटती काडी हातात देत आई, सोजराबाई, असं म्हणाली होती. भातरोपांच्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, वर मातीची पातळ चादर, हाच राब. खालून धूर झोपेतून उठल्यासारखा यायचा. त्या भाजल्या मातीत तण मरायचं आणि भाताची रोपं कशी तरारून वर यायची!

आता प्रगती पुण्यात हवामानाचा अभ्यास करते. आज आपल्या गावच्या, गुंजवण्याच्या देवळात ती राब थांबवण्याची योजना चालवणाऱ्या कंपनीच्या साहेबाशेजारी खुर्चीवर होती, आई समोर सतरंजीवर. गेल्या उन्हाळ्यात तिनेच गावाला गळ घातली होती, धुराने पृथ्वी तापते, राब जाळू नका. लेकीच्या शब्दाखातर सोजराबाईने राब पेटवला नाही. मग गावानेही नाही. रोपं तणात गुदमरली. लावणीला निम्मी खाचरं उघडीच राहिली.

“यंदाही एवढा त्याग करा,” साहेब गोडीत म्हणाला. “पृथ्वीचा ताप दीड अंशावर थांबेल, तो तुमच्यामुळे.”

“थांबंल की,” मागून गेनबा बोलला. “पोटात भात न्हाई म्हनल्यावर आमी गारच पडनार!”

हशा उसळला. सोजराबाई मात्र उठून उभी राहिली.

“सायेब, तुमी ऱ्हावा. म्या माज्या लेकीला इचारती. प्रगती, खरंच थांबंल का गं?”

प्रगतीला खरा आकडा ठाऊक होता. भाषणात दीड म्हणणारे तिचे सोबती चहाच्या कपावर अडीच म्हणत, तीन म्हणत. तीही म्हणे. लोकांचा धीर सुटू नये म्हणून बाहेर कुणी बोलत नसे. आणि हिवाळ्यात कंपनीच्या कागदांत वाचलेली आणखी एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती.

“हो म्हणा ना, मॅडम,” साहेब हसला. माईक त्याने तिच्या पुढ्यात सरकवला.

त्या हसण्याने तिच्या टाळूपर्यंत आग गेली. माईक तिने हाताने उडवला. इतक्या वर्षांची पुस्तकी भाषाही त्याच्याबरोबर गडगडत गेली.

“न्हाई थांबायचा, आये! आमच्यातल्या बहुतेकांना तसं वाटतच न्हाई. धूर खरंच कमी केला तर अजूनबी लई काही वाचंल. पर ह्या सायबाच्या कंपनीनं कमी केलाच न्हाई. तुमी न काढलेला धूर ह्यांनी कागदावर सिमेंटवाल्यांना इकला, आन त्या कागदावर ते तेवढाच धूर सोडत्यात. तुजा राब त्यांच्या धुराड्यात जळतोय, आये.”