दुसाने बाईंचा डबा

लेकीच्या इंग्रजीच्या पुस्तकात 'हाऊ मेनी' आणि 'हाऊ मच'चा धडा दोनच पानांचा निघाला. दुसाने बाईंनी सहावीत आम्हाला तो वर्षभर शिकवला होता.

मधल्या सुट्टीची घंटा झाली की बाई आपला डबा टेबलावर उघडायच्या. "हाऊ मेनी भाकरी? हाऊ मच पिठलं?" बरोबर उत्तर देईल, डबा त्याचा. आणि विचारायच्या रोज मलाच.

"बाई, रोज हिलाच का?" पोरं कुरकुरायची.

"तिचं अजून कच्चं आहे," बाई म्हणायच्या. मला भारी राग यायचा. मला तर ते पहिल्याच दिवशी आलं होतं! मी ठसक्यात "टू भाकरी, अ लिटल पिठलं" म्हणायचे आणि बाईंची जिरवल्याच्या आनंदात सगळा डबा फस्त करायचे.

"आई, तुझ्या डब्यात काय असायचं गं?" लेकीनं आज विचारलं.

मी सांगायला गेले आणि थबकले. अख्ख्या वर्गात डबा न आणणारी मी एकटीच होते. भाकरी किती, पिठलं किती, सगळं मी सांगितलं. बाई काय जेवायच्या, ते एकदाही विचारलं नाही.