पांढरे हातमोजे

वकिलाच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर लाल ठिपका होता. काजं करायला शर्ट मांडीवर घेतला तेव्हा मास्तरांच्या बायकोला तो दिसला. खडूचा असेल म्हणून तिने नखाने खरवडला. गेला नाही. दुसरा शर्ट उलगडला, तर त्याच्या कफावर दोन.

मास्तर पाठमोरे मशीनवर बसले होते. हातांत पांढरे सुती मोजे. चार दिवसांपूर्वी त्यांनी ते चढवले तेव्हा तिने विचारलंही होतं, सलाम कुणाला ठोकायचाय म्हणून. वकिलाचं कापड आहे, डाग पडला तर कोर्टात खेचेल, असं म्हणून मास्तर हसले होते. त्यांच्या कॅन्सरच्या गोळ्या सुरू झाल्यापासून घरात हसू असं तेवढंच झालं होतं.

"अहो, मोजे काढा."

ऐकलंच नाही असं दाखवून मास्तर पाय चालवत राहिले. तिने उठून मशीनचं चाकच धरलं. मग त्यांनी एकेक बोट सोडवत मोजा काढला. टोकांना तो चिकटला होता. तळवा लालभडक, जागोजाग सोललेला, बोटांना चिरा पडलेल्या. पायांचं विचारलं तर म्हणाले, तसेच आहेत. आणि हा माणूस सकाळपासून त्याच पायांनी मशीन चालवत होता. तिला रडू यायच्या आधी संताप आला.

ती तडक गोळ्यांच्या डब्याकडे गेली. सकाळी तीन, संध्याकाळी तीन, चौदा दिवस. आज दहावा, सकाळच्या तीन घेऊन झालेल्या. सत्तावीस गोळ्या उरायला हव्या होत्या. पाकिटांतल्या दोनदा मोजल्या, अठराच भरल्या.

"नऊ गोळ्या कुठे गेल्या?"

मास्तरांनी मान खाली घालून सांगितलं. तीन वेळा गोळ्या घेतल्या घेतल्या उलटी झाली होती. तिन्ही वेळा त्यांनी पुन्हा तीन-तीन घेतल्या. चाळीस वर्षं जिथे टीप सुटली तिथे त्यावरून दुसरी मारली, सुटलेली टीप तशीच ठेवून कधी गिऱ्हाइकाला कपडा दिला नाही, मग स्वतःच्या जिवाचीच टीप सुटलेली कशी ठेवू, म्हणाले. हे त्यांना शहाणपणाचं वाटत होतं. तिने कपाळाला हात लावला.

भिंतीवर हॉस्पिटलचं पिवळं कार्ड होतं. चार दिवसांपासून त्यावर अर्धवट शिवलेला कोट लटकत होता. तो तिथे का लटकतोय हे तिला आत्ता कळलं. तिने कोट ओढून काढला. उलटी झाली तरी गोळी पुन्हा घेऊ नका, पुढची ठरल्या वेळीच घ्या. तळहात-तळपाय सोलले, जुलाब वाढले, ताप आला तर पुढची गोळी न घेता लगेच फोन करा. पहिल्या दिवशी मास्तरांनीच हे तिला मोठ्याने वाचून दाखवलं होतं, तिचा चष्मा सापडत नव्हता म्हणून.

तिने त्यांच्या कपाळाला हात लावला. चटका बसला. इस्त्रीची धग आहे, मास्तर म्हणाले. इस्त्री सकाळपासून गारच होती. थर्मामीटर एकशे एकच्या पुढे गेला तेव्हा तिने फोन उचलला आणि मास्तर पहिल्यांदा घाबरले.

गोळ्या बंद करतील, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. थोरल्या भावाच्या बंद केल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आता घरी न्या. भाऊ महिनाही काढू शकला नाही. गोळी चालू आहे तोवर आपण आहोत, अशी गाठ मास्तरांनी मनाशी मारून ठेवली होती. खरं सांगायचं तर तिनेही.

पलीकडे हॉस्पिटलच्या सिस्टर होत्या. त्यांनी ताप विचारला, तळहातांचं विचारलं. मग विचारलं, कालपासून जुलाब किती वेळा झाले? तिने फोनवर हात ठेवून मास्तरांकडे पाहिलं.

"तीन सांग."

"खरे किती?"

"अकरा." मास्तरांचा आवाज फाटला. "पण तू तीन सांग. हात जोडतो तुला."

आणि त्यांनी खरोखरच हात जोडायला घेतले. पण तळवे एकमेकांना टेकवता येईनात. दोन्ही हात छातीपाशी तसेच अधांतरी राहिले.

तिने तोंड फिरवलं. "अकरा वेळा," ती फोनमध्ये म्हणाली. उलट्यांचं सांगितलं, नऊ जास्तीच्या गोळ्यांचंही सांगितलं, काही लपवून ठेवलं नाही. सिस्टरचा आवाज बदलला. आता एकही गोळी द्यायची नाही, उरलेल्या पाकिटांसकट आत्ताच्या आत्ता घेऊन या, उद्यावर टाकू नका. तिने हळूच विचारलं, पुन्हा सुरू कधी होतील? सिस्टर म्हणाल्या, बरेचदा थांबवून, कमी करून पुन्हा देतात. पण रक्त तपासल्याशिवाय आज कुणीच शब्द देणार नाही.

तिने फोन ठेवला.

"केल्या ना बंद?"

"थांबवल्यात."

"किती दिवस?"

ती किल्ली शोधत होती. किल्ली समोरच खिळ्याला होती.

"आठ," ती पाठमोरीच म्हणाली.

मास्तरांनी कपडे कधी न्यायचे ते लिहायच्या चिठ्ठ्यांमधली एक ओढली, पेन्सिल दोन मुठींत धरली आणि वकिलाचं नाव घातलं. कॅलेंडरवर आठ दिवस मोजले, शिलाईचा आणखी एक धरून नवव्या दिवसाची तारीख लिहिली. चिठ्ठी तिच्याकडे सरकवली. टाचणी त्यांच्याने धरवेना.

तिने चिठ्ठी शर्टाच्या कॉलरवर टाचली, बरोबर डाग झाकेल अशी.