त्सुगुमीनं आणलेले जीव

माणूस या विश्वात एकटा नाही, हे मंगळवारी सकाळी दहा चाळीसला सिद्ध झालं. गुरुवारी दुपारच्या जेवणापर्यंत तो पुन्हा एकटा पडला.

मधल्या दोन दिवसांत जपानमधल्या त्सुकुबाच्या अंतराळ संस्थेत पन्नासेक वार्ताहर येऊन गेले. त्सुगुमी यानानं सहा वर्षांचा प्रवास करून एका लघुग्रहावरची चिमूटभर काळी माती आणली होती. जानेवारीत डबी उघडली. फेब्रुवारीत एका कणावर काड्यांसारखे जीव दिसले. पहिल्या दिवशी अकरा होते, आठवड्यानं दीडशे झाले. म्हणजे जिवंत होते.

ते पहिल्यांदा पाहिले कानाए निशिवाकीनं. ती त्रेचाळीस वर्षांची तंत्रज्ञ, दर मार्चला नवा करार करत नऊ वर्षं टिकलेली. दहाव्या वर्षी नियमाप्रमाणे एक तर कायम, नाही तर घरी. तिला एक एप्रिलपासून कायम करायचं ठरलं होतं. कागद तयार होता, त्यावर संचालकांचा शिक्का तेवढा उमटायचा होता.

संचालक म्हणजे काशिमुरा सेन्सेई; सेन्सेई म्हणजे सर, तिथं सगळ्याच प्राध्यापकांना तसं म्हणतात. मितो गावचे, भरघोस पांढऱ्या मिशांचे. मंगळवारी टीव्हीवाल्या मुलीनं त्यांना विचारलं, की या वयात एवढा उत्साह येतो कुठून? सेन्सेईंनी मिशांवरून बोट फिरवलं आणि सांगितलं, सकाळच्या न्याहारीतून. साठ वर्षं एकच न्याहारी, एक दिवस चुकवलेली नाही. मुलीनं ते आदरानं लिहून घेतलं.

गुरुवारी जनुकांचा अहवाल आला. कणावरचे जीव नात्तोतले होते.

नात्तो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, सकाळच्या न्याहारीला भातावर घालून खातात. काडीनं उचललं की तारा सुटतात. त्यातले जंतू इतके चिवट, की डबी उघडली त्या निर्धूळ खोलीच्या दारावर पाटीच होती : आत येण्यापूर्वी तीन दिवस नात्तो खाऊ नये. पाटी सेन्सेईंच्या हातची होती. त्यांचे मामा साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, भट्टीत कामाला होते, तिथेही हाच नियम होता.

डबी उघडली तेव्हा आत तिघं होती. सेन्सेई, कुझे नावाचा तरुण प्राध्यापक आणि निशिवाकी.

कुझे सुटला. तो सकाळी पाव खातो हे सगळ्या मजल्याला माहीत होतं, कारण चुरा त्याच्या टेबलावर असे. निशिवाकीच्या डब्यात रोज पांढरा भात आणि मधोमध वडिलांच्या बागेतलं एक खारवलेलं लाल फळ. कुझे त्याला राष्ट्रध्वज म्हणे आणि तिनं झाकण काढलं की उठून उभा राही. "बसा हो सेन्सेई," ती त्याला म्हणे, "भात निवतोय."

पण डब्याबाहेरची गोष्टही सगळ्यांना ठाऊक होती. जपानच्या पश्चिमेकडच्या माणसांना नात्तो कळत नाही, असं काशिमुरा सेन्सेईंचं मत. निशिवाकी वाकायामाची, म्हणून तिचं शिक्षण त्यांनी अंगावर घेतलं होतं. नववर्षाला नात्तोसाठी नावाजलेल्या मितोला जाऊन आले की ते तिच्यासाठी गवतात बांधलेल्या नात्तोची एक पुडी आणत. तिच्याकडून आठवड्याच्या आत आभाराचं पत्र येई. ते पत्र सेन्सेई चारचौघांना दाखवत. सहा वर्षांत बाई पुरती सुधारली, असं सांगत.

चौकशी समिती सोमवारी बसली. कोणी काही विचारण्याआधीच सेन्सेई उठले आणि कमरेत वाकले.

"यंदाही पुडी मीच दिली होती," ते म्हणाले. "डबी उघडायच्या आठवड्यातच. दोष माझा आहे."

समितीतले दोघं हेलावले. एवढ्या मोठ्या माणसाला यापुढे आणखी काही विचारणं कोणाला बरं वाटलं नाही.

मग अध्यक्षांनी निशिवाकीला विचारलं, की तिनं ती पुडी त्या तीन दिवसांत खाल्ली का? तिनं सेन्सेईंकडे पाहिलं. मग टेबलाकडे पाहिलं. अखेर ती उभी राहिली आणि सेन्सेईंपेक्षाही खाली वाकली.

"माझ्यामुळे सगळ्यांना मनस्ताप झाला. क्षमा असावी."

चिटणिसानं 'हो' असं लिहून घेतलं.

वर्तमानपत्रांत वाकलेल्या सेन्सेईंचा फोटो आला. जबाबदारी घेणारी पिढी अजून आहे, असं एका अग्रलेखात लिहिलं होतं. पुढच्या यानाची सूत्रंही त्यांच्याकडेच राहिली. निशिवाकीच्या कागदावर शिक्का उमटला नाही. निर्धूळ खोलीचा नियम मोडणाऱ्याला कायम कसं करणार, असं सेन्सेई म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी कुझे तिला सामान बांधायला मदत करायला गेला. वडिलांना बागेत हात हवाच होता, असं ती म्हणाली. त्यानं पुस्तकं खोक्यात भरली आणि फ्रिज रिकामा करायला घेतला. बर्फाच्या कप्प्यात मागे गवताच्या पुड्या रचून ठेवलेल्या होत्या. त्यानं त्या एकेक करून ओट्यावर मांडल्या. सहा भरल्या. प्रत्येकीवर सेन्सेईंच्या अक्षरात सालाची चिठ्ठी होती, आणि एकीचीही गाठ सुटलेली नव्हती.

"निशिवाकी-सान, ही यंदाची."

"हो."

"ही पण बंद आहे."

"मला वासच सोसत नाही हो. आयुष्यात कधी तोंडात घातलं नाही. पण सेन्सेईंनी दिलेलं, टाकायला हात होईना."

कुझेला सेन्सेईंची ती टीव्हीवरची न्याहारी आठवली, साठ वर्षांत एक दिवसही न चुकवलेली.

"अहो, मग समितीपुढे सांगितलं का नाहीत?"

निशिवाकीनं खोक्यावर चिकटपट्टी लावली आणि ती नीट दाबली.

"कसं सांगणार? फार चविष्ट होतं, असं मी दर वर्षी लेखी कळवलं होतं."